स्कॅनआधी व्हीआरचा सराव: कोल्हापूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॅनसाठी आलेल्या पेशंटची आधी तयारी करून घेणं हे माझं कोल्हापुरातलं रोजचं काम. मेसेज येतात ते कधी पेशंटचे, पण जास्त करून त्यांच्या मुलांचे आणि सुनांचे. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत आणि शक्य तिथे विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका.

१. डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय. त्यात हे व्हीआर मध्येच कुठून आलं?

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, आभासी जग. ते बघायला डोळ्यांवर बांधायचा एक जाड चष्मा असतो, हेडसेट. त्यात दोन्ही डोळ्यांपुढे पडदा असतो आणि मान वळवाल तसं चित्रही वळतं, त्यामुळे आपण त्या जागीच आहोत असं वाटतं. गेम खेळायला मुलं वापरतात तोच हा. एमआरआय म्हणजे ताकदवान चुंबकाच्या मदतीने शरीराच्या आतली चित्रं काढणारा स्कॅन. आपण हेडसेटमध्ये त्याचीच खोली दाखवतो. पेशंट दारातून आत जातो, टेबलावर झोपतो, बोगद्यात सरकतो, मशीनचे आवाज ऐकतो. खऱ्या स्कॅनच्या आधी एकदा खोटा स्कॅन करून बघायचा, एवढाच हेतू. याने आजार कळत नाही आणि उपचारही होत नाहीत.

२. म्हणजे मशीनमध्ये जाताना हेडसेट घालूनच जायचं का?

नाही. हा हेडसेट एमआरआयच्या खोलीच्या दाराच्या आत कधीच न्यायचा नाही. त्यात बॅटरी, धातू आणि स्पीकरची छोटी चुंबकं असतात. मशीनचं चुंबक बहुतेक ठिकाणी १.५ किंवा ३ टेस्लाचं असतं (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं माप). १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट. आणि हे चुंबक रात्री, सुट्टीच्या दिवशी, पेशंट नसतानाही चालूच असतं. आवाज बंद म्हणजे मशीन बंद, असं समजून आत शिरणारे नातेवाईक मी अडवलेत. काही मोठ्या रुग्णालयांत मशीनच्या आत चालतील असे खास बिनचुंबकी गॉगल किंवा आरसा-पडद्याची सोय असते, पण ती वस्तू वेगळी. या पानावर बोलतोय ते बाहेरच्या खोलीतल्या सरावाबद्दल.

३. एवढं घाबरण्यासारखं आत असतं तरी काय? सगळे म्हणतात "काही होत नाही".

"काही होत नाही" हे वाक्य मला मनापासून खटकतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण पेशंट आत जातो, बरंच काही होतं, आणि मग त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो. म्हणून काय होतं ते नीट सांगते.

बोगदा साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो, नव्या रुंद मशीनमध्ये ७०. दोन्ही टोकांना उघडा, आत दिवा आणि वाऱ्याची सोय. डोक्याचा किंवा मानेचा स्कॅन असेल तर चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल बसवतात, चित्रासाठीचे संकेत तीच टिपते. माझा अनुभव असा की निम्म्या लोकांचं मन बोगद्यात नाही, या कॉइलपाशीच कच खातं. तिच्यावर बऱ्याचदा छोटा आरसा असतो, त्यातून आपले पाय आणि पलीकडची काच दिसते. तो आरसा आहे का, हे विचारून घ्या.

मग आवाज. बोगद्याच्या भिंतीतल्या तारांच्या वेटोळ्यांतून वीज क्षणाक्षणाला चालू-बंद होते, शेजारच्या ताकदवान चुंबकामुळे त्यांना हिसका बसतो आणि सगळं थरथरतं. तोच तो ठकठकाट. कधी हलगीसारखा कडक, कधी पंप अडकल्यासारखा घर्रघर्र. तो १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, म्हणून कानात बोळे किंवा हेडफोन घातल्याशिवाय स्कॅन सुरू करत नाहीत. मधल्या शांततेतही एक बारीक चिक-चिक चालू असते. ती चुंबकाला गार ठेवणारं हेलियम थंड राखणाऱ्या पंपाची. ती आधी सांगितली नाही, तर पेशंटला वाटतं काहीतरी बिघडलंय.

आणि वेळ. बहुतेक स्कॅन २० मिनिटं ते पाऊण तास चालतात. पण ते सलग नसतात, दोन ते पाच मिनिटांचे तुकडे असतात. तुकडा चालू असताना हलायचं नाही, दोन तुकड्यांच्या मध्ये आवंढा गिळायचा, मोठा श्वास घ्यायचा. पाऊण तास पुतळ्यासारखं पडायचंय या कल्पनेनेच अर्धे लोक हरतात, आणि असं तुकड्यांचं आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

दुखतं मात्र खरंच नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरणही नसतात.

४. सराव नेमका कसा घेतात? किती वेळ लागतो?

साधारण अर्धा तास धरून या. आधी मी हेडसेट बाजूला ठेवते आणि विचारते, "सगळ्यांत जास्त कशाची भीती वाटते?" उत्तरं वेगवेगळी येतात. कुणी म्हणतं कोंडल्यासारखं होईल, कुणी म्हणतं लाइट गेली तर आत अडकेन. एका मावशींना फक्त लघवीला लागेल याची भीती होती. त्यांना व्हीआर लागलंच नाही, आत जायच्या आधी बाथरूम दाखवलं आणि काम झालं.

मग हेडसेट, तोही पायऱ्यापायऱ्यांनी. पहिल्यांदा खुर्चीत बसून फक्त खोली बघायची. मग बाकावर आडवं होऊन टेबल सरकताना बघायचं. मग आवाजाविना बोगदा, आणि शेवटी पूर्ण आवाजासह दोन-तीन मिनिटं न हलता. प्रत्येक टप्प्यावर भीतीला शून्य ते दहा आकडा द्यायला सांगते. आकडा खाली आल्याशिवाय पुढची पायरी नाही. घाई केली की सगळं फुकट जातं.

सराव आडवं होऊनच करायचा, यावर मी हटून बसते. खुर्चीत बसून बोगदा बघणं सोपं असतं, पण पाठ टेकली आणि छत नाकापुढे आलं की छातीत धडधड सुरू होते. कानात बोळेही त्याच वेळी घालायचे. हातात रबरी फुगा द्यायचा, कारण खऱ्या स्कॅनमध्येही तसाच फुगा दाबून टेक्निशियनला बोलावता येतं.

५. ते चित्र खोटं आहे हे माहीत असताना खरी भीती कशी जाईल?

पन्हाळगडावर अंधारबाव या जुन्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना विचारा. पडणार नाही हे डोक्याला माहीत असतं, पण अंगाला पटत नाही. भीती अंगात असते, म्हणून अंगालाच समजवावं लागतं. भीतीच्या गोष्टीजवळ थोडंथोडं जायचं, तिथे थांबायचं, धडधड आपोआप उतरते हे अनुभवायचं. मानसोपचारात ही पद्धत १९५० च्या दशकापासून वापरात आहे. व्हीआरने फक्त ती गोष्ट खोलीत आणून ठेवली. १९९५ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीची भीती असलेल्यांना संगणकातले पूल आणि काचेची लिफ्ट दाखवून असा उपचार केला आणि भीती कमी झाल्याचं दाखवलं. चित्रं तेव्हाची, अगदी ओबडधोबड. तरी अंगाने ती खरी मानली.

स्कॅनच्या भीतीवरचे अभ्यास बहुतेक छोट्या गटांवरचे आहेत, त्यामुळे "शंभर टक्के भीती जाते" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काहींना खूप फरक पडतो, काहींना थोडा, काहींना अजिबात नाही.

६. सीटी स्कॅन किंवा पेट स्कॅनच्या आधीही हे करावं का?

सीटीला सहसा गरज नाही. ते मशीन बोगदा नसून जाड कडं असतं, आणि काम काही मिनिटांत आटोपतं. सोनोग्राफीला तर प्रश्नच नाही.

पेट स्कॅनची गोष्ट वेगळी आहे आणि इथे चूक होऊ शकते. त्यात किरणोत्सर्गी साखरेचं इंजेक्शन देऊन साधारण तासभर शांत पडून राहायला सांगतात. त्या वेळात बोललं, चाललं, च्युइंगगम चघळलं तरी ती साखर त्या स्नायूंत जाते आणि चित्रात नको तिथे उजेड दिसतो. मेंदूचा पेट असेल तर समोर काही बघत बसणंही नको. म्हणून सराव करायचाच असेल तर इंजेक्शनच्या आधी, किंवा आदल्या दिवशी. इंजेक्शननंतर हेडसेट नाही.

७. वडील तालमीतले पैलवान, वय ५२. गुडघ्याचा एमआरआय सांगितलाय पण "आत मावणार नाही" म्हणून येतच नाहीत. घरात सांगायलाही लाजतात.

त्यांना एकटं समजू नका. खासबागेच्या कुस्ती मैदानात हजारोंच्या समोर उतरलेला माणूस मशीनपुढे थबकतो, यात लाजण्यासारखं काही नाही. आखाड्यात पाठ टेकली म्हणजे कुस्ती गेली. आयुष्यभर अंगात मुरलेली ही गोष्ट, आणि इथे आपण त्यांना सांगतो की उताणे पडा आणि हात हलवू नका. अंगाने विरोध केला तर नवल काय?

आता मापाचं. गुडघ्याच्या स्कॅनला पाय आधी आत जातात. डोकं बऱ्याचदा बाहेर किंवा तोंडापाशीच राहतं. हे एवढं सांगूनच कित्येक जण तयार होतात. खांद्याचा स्कॅन असता तर मात्र रुंद खांद्यांना ६० सेंटिमीटरचा बोगदा खरंच घट्ट वाटतो. तेव्हा फोनवर सरळ विचारायचं, "बोगदा किती रुंद आहे? ७० चा आहे का?" वजनाची मर्यादाही विचारा, ती प्रत्येक मशीनची ठरलेली असते.

त्यांच्यासाठी सराव घेताना मी दम धरण्याची भाषा वापरीन. पैलवानाला श्वास कळतो. नाकाने घ्यायचा, आणि सोडताना घेतल्याच्या दुप्पट वेळ लावायचा. आणि सराव त्यांच्या स्कॅनसारखाच, पाय आधी आत जाणारा हवा. डोक्याच्या स्कॅनचं दृश्य दाखवून उगाच नवी भीती घालू नये.

८. मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला हेडसेट चालेल?

बऱ्याच हेडसेटवर बनवणाऱ्यांनीच दहा किंवा त्याहून जास्त वयाची अट घातलेली असते. तो जडही असतो आणि लहान डोक्यावर नीट बसत नाही. मी सहा वर्षांच्या मुलाला बांधत नाही. त्याऐवजी तेच ३६० अंशांचं दृश्य मोबाइलवर किंवा टॅबवर, आईच्या मांडीवर बसून, बोटाने फिरवत बघायचं. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलने मुलांसाठी असंच मोबाइलवर चालणारं ॲप केलं, त्यात खऱ्या विभागात फिरून येता येतं.

मुलांच्या बाबतीत खेळाला तोड नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याचा बोगदा करा, आधी त्याच्या बाहुलीचा नाहीतर ट्रॅक्टरचा "स्कॅन" करा, मग त्याचा. "पुतळा" खेळा: आवाज चालू तोवर हलायचं नाही. "सुई टोचतील हं" अशी धमकी मात्र घरात कुणीही द्यायची नाही. आजोबांनीही नाही. पाचेक वर्षांखालच्या मुलांना बऱ्याचदा भूल लागतेच, त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

९. आईचं वय ७४. मोबाइलसुद्धा धड वापरत नाही, कानाला मशीन आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तिला हे झेपेल का?

वयाची अडचण नाही. माझ्याकडे आजी लोक सरावात बहुतेक वेळा तरुणांपेक्षा निवांत असतात. बटणं त्यांना दाबावी लागत नाहीत, फक्त बघायचं असतं. मोतीबिंदूनंतर बसवलेली लेन्स प्लास्टिकची असते, तिची काळजी नको, पण फॉर्मवर लिहा.

कानाच्या मशीनकडे लक्ष द्या. एमआरआयला ते काढावंच लागतं, म्हणजे आत टेक्निशियन माइकवरून काय बोलतोय ते आईला ऐकू येणार नाही. अनेक जण सराव मशीन लावून करतात आणि खऱ्या वेळी एकदम मुकं जग समोर येतं. सरावातही ते काढा. खुणा आधी ठरवा: पायाला एकदा हात लावला म्हणजे संपत आलं. "आई, आता पाच मिनिटांचा तुकडा आहे" हे आत जाण्याआधीच सांगून ठेवा.

१०. कोणी हेडसेट घालूच नये?

फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये, कारण चमकणाऱ्या चित्रांनी काहींना झटका येऊ शकतो. चक्कर येण्याचा आजार असलेल्यांनी, आणि घाटात गाडी लागणाऱ्यांनीही जपून. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ज्यांना उलटी होते, त्यांना हेडसेटमध्येही मळमळू शकतं. कारण एकच: डोळे सांगतात आपण हलतोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण स्थिर आहोत. अशांना टेबल सरकण्याचं दृश्य वगळून स्थिर खोली दाखवता येते. डोळे आलेले असताना किंवा चेहऱ्यावर जखम असताना नको. छोटा चष्मा असेल तर तो आत मावतो.

पेसमेकर, कॉक्लियर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) किंवा मेंदूतल्या शंटचा (जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळीचा) व्हॉल्व असेल तर हेडसेटलाही हात लावण्याआधी सांगा, कारण त्यात आणि त्याच्या कंट्रोलरमध्ये चुंबकं असतात. पण अशा पेशंटसाठी खरा प्रश्न आधीचा आहे: तुमचं उपकरण एमआरआयला चालतं का? त्याचं कार्ड घरी शोधा आणि सोबत आणा. कार्डाशिवाय पुढे जाता येत नाही.

११. मी शिरोलीला फाउंड्रीत आहे. फॉर्मवर "डोळ्यात कधी धातू गेलाय का" विचारतात. भीतीशी याचा काय संबंध?

भीतीशी नाही, डोळ्याशी आहे, आणि हा प्रश्न आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव इथे ग्राइंडिंग, लेथ, वेल्डिंग करणाऱ्यांच्या डोळ्यात कधीतरी कण उडालेला असतो, आणि तो निघाला की नाही हे नक्की माहीत नसतं. लोखंडाचा बारीक कण आत राहिला असेल तर चुंबकाने तो हलू शकतो आणि दृष्टी जाऊ शकते. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट असली तरी सांगा. मालकापर्यंत हे जात नाही, पेशंट आणि डॉक्टरांतच राहतं.

१२. सरावात सगळं जमलं, पण खऱ्या मशीनमध्ये घाबरलो तर? आणि सरावातच घाबरलो तर?

सरावात घाबरलात तर उत्तम जागी घाबरलात. हेडसेट काढला की संपलं. त्यातून आम्हाला कळतं की तुम्हाला कॉइल नकोय, आवाज नकोय की आडवं होणं नकोय, आणि तेवढ्यावरच काम करता येतं.

खऱ्या मशीनमध्ये फुगा दाबा, टेबल बाहेर येतं. फुगा दाबला म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलं तर ती त्यांची चूक. तुम्ही थांबू शकता हे माहीत असणं, हेच खरं तर बहुतेकांना थांबू देत नाही. डोळे बोगद्यात शिरल्यावर मिटू नका, टेबल हलण्याआधीच मिटा आणि वर घडी केलेला रुमाल ठेवून घ्या. इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगाराने मला सांगितलं होतं, त्यांनी डोळे मिटून स्वतःचा माग चालू आहे असं समजलं आणि धागा तुटतोय का ते ऐकत राहिले. प्रत्येकाने आपापला आवाज शोधावा.

पोटाचा स्कॅन असेल तर "श्वास घ्या, सोडा, थांबवा" अशा सूचना मध्ये येतात. पंधरा-वीस सेकंद दम धरायचा सराव घरी करून या.

१३. एवढं करण्यापेक्षा सरळ भूल दिली तर?

काहींना भूलच योग्य, आणि त्यात कमीपणा नाही. पण ती साधी गोष्टही नाही. साधारण सहा तास काही खायचं नाही, दोन तास आधी पाणीही बंद. भुलीचे डॉक्टर आणि चुंबकाजवळ चालणारी खास उपकरणं लागतात. नंतर घरी न्यायला माणूस हवा आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. सराव जमला तर हे सगळं टळतं.

मेडिकलमधून आपल्या मनाने झोपेची गोळी आणून घेऊ नका. जोरात घोरणाऱ्यांना, दम्याच्या पेशंटना ती धोक्याची ठरू शकते. घेतली असेल तर लपवू नका.

१४. आम्ही चंदगडचे. हेडसेटसाठी वेगळी कोल्हापूरची खेप परवडत नाही. घरी काही करता येईल?

नक्की येईल. पुठ्ठ्याच्या स्वस्त व्ह्यूअरमध्ये मोबाइल घालून ३६० अंशांचं दृश्य बघता येतं. तेही नसेल तर कॉटखाली चटई टाका आणि उताणं झोपा. छत नाकापासून वीतभर. कानात कापूस. घरातल्या कुणीतरी मोबाइलवर एमआरआयचा आवाज लावायचा, आधी लहान, मग मोठा. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. हातात चेंडू, दाबला की लगेच बाहेर ओढायचं, थट्टा न करता. चार-पाच दिवस रोज केलं तरी पुष्कळ. खरं सांगायचं तर महागड्या हेडसेटवर एकदा घाईत केलेल्या सरावापेक्षा कॉटखालचा पाच दिवसांचा सराव मला जास्त भरवशाचा वाटतो.

अपॉइंटमेंट घेताना फोनवर "मला बंद जागेची भीती वाटते" एवढं एक वाक्य सांगा. सकाळची किंवा कमी गर्दीची वेळ मिळू शकते, आणि सराव त्याच खेपेत उरकता येतो.

१५. मंगळसूत्र, जोडवी, साज काढावाच लागतो का? सासूबाई ऐकत नाहीत.

काढावा लागतो, सोनं चुंबकाला चिकटत नसलं तरी. दागिन्याचा डाक (सांधायला वापरलेला धातू) आणि फासे कशाचे आहेत ते सांगता येत नाही, धातू तापू शकतो आणि चित्रही बिघडतं. जरीची साडी आणि केसांतल्या पिना तर नकोच. काजळातही कधी लोहाचा अंश असतो, धुऊन या. दागिने घरीच ठेवून येणं बरं, आणि मंगळसूत्राची मनाला रुखरुख असेल तर सुती काळा दोरा गळ्यात चालतो. सरावालाही तसंच यायचं. ऐनवेळी दारात साज उतरवताना रडू कोसळलेलं मी पाहिलंय, आणि तसं रडून आत गेलेल्या बाईला शांत पडून राहणं जड जातं.

१६. सोबत कुणी आत बसू शकतं का?

बऱ्याच ठिकाणी एकाला बसू देतात, पण त्यालाही तोच फॉर्म भरावा लागतो, धातू काढावा लागतो आणि कानात बोळे घालावे लागतात. गरोदर बाईने शक्यतो बसू नये. सोबत बसणाऱ्यानेही सराव बघितलेला असला तर उत्तम, कारण घाबरलेला सोबती पेशंटला जास्त घाबरवतो. पायाच्या अंगठ्याला धरून बसा, बोलायची गरज नाही.

१७. बाबांना अचानक एका बाजूला लुळेपणा आलाय, स्कॅन सांगितलाय, पण त्यांना बंद जागेची भीती आहे. आधी सराव करून घेऊ का?

नाही. हे वाचत थांबू नका, लगेच निघा. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं यात मिनिटं मोजावी लागतात. अशा वेळी बहुतेक ठिकाणी आधी सीटी करतात, तो काही मिनिटांत होतो आणि त्यात बोगदा नसतो. भीतीचं तिथल्या डॉक्टरांना सांगा, ते बघून घेतील. जवळ गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.